खोट्या खिडकीतली सवत

समोरच्या एर्सिलियाची खिडकी खोटी होती, आणि ज्युदित्ताच्या पोटात दुखायला तेवढं कारण पुरेसं होतं. खरी असती तर ज्युदित्ताने तिला केव्हाच हरवलं असतं. खऱ्या खिडकीतल्या फुलांना कीड लागते, पाणी घालायचं राहून जातं, वारा एखादी कुंडी खाली टाकतो. पण एर्सिलियाने आपल्या कोऱ्या भिंतीवर चिताऱ्याकडून अख्खी खिडकीच रंगवून घेतली होती. तिच्यातली लाल जिरेनियम बारा महिने फुललेली, झडपा कायम धुतल्यासारख्या हिरव्यागार, कठड्यावर एक राखाडी मांजर आणि मांजराशेजारी हनुवटीला हात लावून, निळी शाल पांघरून बसलेली एक हसरी बाई.

कोल्लेव्हेन्तो गावात रंगवलेल्या खिडक्या काही नवीन नव्हत्या. भिंत फोडण्यापेक्षा रंगवणं स्वस्त पडतं, आणि चार पैसे वाचणार असतील तर त्या डोंगरावरची माणसं ऊनसुद्धा रंगवून घेतील. पण खिडकीत बाई बसवायचं आजवर कुणाला सुचलं नव्हतं.

"मीच आहे ती, पंचविशीतली," एर्सिलियाने पहिल्याच दिवशी बोळभर सांगितलं.

"हो का? मग नाक कुणाचं उसनं आणलंस?" ज्युदित्ताने वरून विचारलं.

इथवर सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. दोघी एका शाळेत शिकल्या, एकाच चर्चमध्ये त्यांची लग्नं लागली आणि दोघी एकमेकींवर एकाच निष्ठेने जळत आल्या होत्या. घोळ केला तो ज्युदित्ताच्या नवऱ्याने. अम्ब्रोजोने टोपी मागे सारून भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "अगदी अश्शीच दिसायची हं ती."

त्या रात्री अम्ब्रोजोला नुसता पाव मिळाला. कारण लग्नाआधी, सान जोव्हान्नी ह्या संताच्या जत्रेत, हा गृहस्थ एर्सिलियाबरोबर दोनदा नाचला होता. दोनदाच. पण ती दोन गाणी ज्युदित्ताला अजून तोंडपाठ होती, आणि चर्चच्या बँडने त्यातलं एखादं वाजवलं की ती खिडकी लावून घ्यायची. आता एर्सिलिया विधवा झालेली, गुडघे धरून चालणारी. तिची फारशी भीती उरली नव्हती. पण ही भिंतीवरची पंचविशीतली, हिचं काय करायचं? ही सवत रोज सकाळी झडप उघडली की समोर हसत बसलेली.

त्यातून थाळीचा प्रश्न होता. दर सान जोव्हान्नीच्या जत्रेला गावातल्या सर्वांत सुंदर खिडकीला चिनी मातीची रंगीत थाळी मिळायची. ज्युदित्ताच्या दाराशेजारी अशा थाळ्यांची रांग लागली होती, आणि रांगेच्या शेवटी यंदाच्या थाळीसाठी तिने आधीच एक खिळा ठोकून ठेवला होता. आता बोळातून येणारीजाणारी प्रत्येक बाई त्या रिकाम्या खिळ्याकडे बघायची, मग समोरच्या भिंतीकडे, आणि काही न बोलता पुढे जायची. बोलली असती तर परवडलं असतं.

गाव बघायला येणाऱ्या पाहुण्यांनी तर कहर केला. खालच्या वळणावर बस त्यांना सोडायची आणि ते धापा टाकत चढून यायचे. त्यांच्या पुढे एक वाटाड्या चालायचा. तो रोज एकच विनोद करायचा, "मंडळी, ह्या गावात कुठल्याही खिडकीवर विश्वास ठेवू नका!" मग सगळे एर्सिलियाच्या भिंतीचे फोटो काढायचे. बोळ अरुंद, त्यामुळे अख्खी खिडकी फोटोत मावायला मागे सरकत सरकत थेट ज्युदित्ताच्या उंबऱ्यावर यावं लागे. म्हणजे फोटो सवतीचा, पाठ ज्युदित्ताकडे, आणि उंबराही ज्युदित्ताचाच! एकाने तर तिलाच सांगितलं, "बाई, जरा बाजूला होता का? तुमची सावली पडतेय तिच्यावर."

ज्युदित्ताच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने कुंड्या दुप्पट केल्या. आपलं मांजर कठड्यावर बसवलं. ते उतरून समोर गेलं आणि रंगवलेल्या मांजराच्या बरोब्बर खाली, एर्सिलियाच्या पायरीवर, पोट वर करून झोपलं. घरचंच फितूर म्हटल्यावर बोलायचं कुणाला? शेवटी तिच्या ध्यानात आलं की लोकांना फुलं नको आहेत, खिडकीतली बाई हवी आहे. मग तिने लग्नातली लाल शाल काढली, कानात डूल घातले, तोंडाला पावडर थापली आणि स्वतःच खिडकीत जाऊन बसली.

पहिल्या दिवशी तिने हसून हात हलवला. पाहुण्यांना वाटलं, म्हातारी काहीतरी विकतेय. ते झपाझप निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तिला हसूही आलं नाही. हनुवटीला हात लावून ती नुसती त्या निळ्या शालवालीकडे बघत राहिली. मनात एकेक गोष्ट यायला लागली: ती जत्रा, ती दोन गाणी, अम्ब्रोजोचं ते "अगदी अश्शीच". पापणीसुद्धा लवेना. आणि खालून कुणीतरी ओरडलं, "अरे, इथे वर आणखी एक आहे बघा! ही तर तिच्याहून भारी रंगवलीय!"

फटाफट कॅमेरे वळले. त्या उंबऱ्यावरून पहिल्यांदाच सगळ्यांची पाठ एर्सिलियाच्या भिंतीकडे झाली. ज्युदित्ताला आतून इतक्या गुदगुल्या झाल्या, पण ती हलली नाही. हललं की चित्र संपलं, हे तिला कळून चुकलं होतं.

तेव्हापासून ती रोज सकाळी बसायला लागली. अम्ब्रोजोला सांगितलं नाही, कारण त्याला सांगणं म्हणजे गुत्त्यात दवंडी पिटणं. तो सकाळी मळ्यात जायचा, जेवायला यायचा, किल्ली नेहमीप्रमाणे विसरलेला असायचा. खालून हाक मारली की ज्युदित्ता दोरीच्या टोपलीतून किल्ली सोडायची. इतक्या वर्षांत ह्या रिवाजात खंड पडला नव्हता.

तो पडला नेमका परीक्षक यायच्या दिवसांत. परीक्षक खालच्या शहरातून यायचे, पण कधी येणार ते कुणाला सांगायचे नाहीत, साध्या पाहुण्यांसारखे यायचे. त्यामुळे बोळात कुणीही परकं माणूस उभं असलं की ज्युदित्ताला हलायची सोय राहिली नव्हती. त्या दिवशी तिने चण्याच्या पिठाची फारिनाता भट्टीत सरकवली आणि जरा बोळात डोकवावं म्हणून खिडकीशी आली, तर खाली एक जोडपं वर मान करून उभं! ती तशीच थिजली.

जोडपं काही जाईना. तेवढ्यात अम्ब्रोजो आला. लिंबाच्या बुंध्यांना चुना लावून आलेला, हातात चुन्याचं डबडं, कमरेला कुंचला खोचलेला.

"ज्युदित्ता, किल्ली टाक गं!"

ज्युदित्ताने तोंडात मिठाची गुळणी धरली.

"ए ज्युदित्ता! भूक लागलीय!"

तेवढ्यात तिच्या मागून धुराची एक रेघ बाहेर आली. अम्ब्रोजोने नीट पाहिलं. बायको डोळे उघडे टाकून बसलेली, मागे काहीतरी जळतंय आणि ती ओरडत नाहीये. त्याच्या आयुष्यात असं कधी घडलं नव्हतं.

"एर्सिलिया! अगं एर्सिलिया, धाव! हिला झटका आलाय!"

एर्सिलिया गुडघे धरत बाहेर आली. तिने वर पाहिलं, धूर हुंगला आणि म्हणाली, "झटका कसला? रुसलीय ती. शाळेत माझ्या झग्याला बक्षीस मिळालं होतं ना, तेव्हाही अश्शीच बसली होती."

"अगं, पण बोलत नाहीये!"

"तेच म्हणते मी. देवाने एकदाचं तुझं ऐकलं, तर तू बोंबलतोयस."

अम्ब्रोजोला चेष्टा सुचत नव्हती. त्याने दाराशी टेकवलेली ऑलिव्ह झोडायची शिडी उचलली आणि भिंतीला लावली. हा आरडाओरडा बघून ते जोडपं घाबरून निघून गेलं. पण ज्युदित्ताला उसंत मिळायच्या आतच वरच्या कोपऱ्यावरून दुसरी दोघं वळली: गवती टोपी घातलेला एक गलेलठ्ठ माणूस आणि चष्मेवाली एक किडकिडीत बाई. जाड्याच्या काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी गोल होतं. ती गोलाई ज्युदित्ताने लांबून ओळखली.

अम्ब्रोजो हातातल्या डबड्यासकट शिडी चढून तिच्या नाकासमोर आला. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. "ज्युदित्ता, बोल गं काहीतरी. शिव्या तरी दे."

ओठ न हलवता ती म्हणाली, "परीक्षक आलेत, मुडद्या. खाली उतर."

अम्ब्रोजोला इतका आनंद झाला की त्याची शिडीवरची पकड सुटता सुटता राहिली. एवढ्यात खालून जाड्याचा आवाज आला, "वा, वा! म्हणजे आम्ही चिताऱ्याला कामावरच गाठलं म्हणायचं!"

अम्ब्रोजोने वळून पाहिलं, मग आपल्या कमरेच्या कुंचल्याकडे पाहिलं. समोर ज्युदित्ताच्या डोळ्यांत जे दिसलं ते बघून त्याने ताबडतोब चितारी व्हायचं ठरवलं.

"हो, आपलं होईल तसं करतो," तो म्हणाला.

"काय जिवंत हात आहे हो! किती दिवस लागले?"

"पस्तीस वर्षं झाली, साहेब. अजून काही मनासारखी होत नाही."

"आणि मागे हा धूरसुद्धा!" चष्मेवाली म्हणाली. "फक्त नाक जरा तांबडं झालंय. तेवढं सुधारा की."

आता मागे हटणं शक्य नव्हतं. अम्ब्रोजोने कुंचला चुन्यात बुडवला, मनातल्या मनात तीनचार संतांची नावं घेतली आणि बायकोच्या नाकावर एक पट्टा ओढला. ज्युदित्ता हलली नाही. तो रिकामा खिळा डोळ्यांपुढे आणून ती बसून राहिली.

"झकास!" चष्मेवाली बराच वेळ बघत राहिली. "पण खरी कमाल डोळ्यांत आहे. समोरच्या चित्रातली बाई नुसती हसतेय, तसं कुणीही काढेल. ही बघा कशी जळतेय! इतका जळफळाट रंगात उतरवायचा म्हणजे मोठं काम आहे. थाळी इकडेच गेली पाहिजे."

जाड्याने फडकं सोडायला सुरुवात केली आणि एर्सिलियाचा धीर सुटला.

"अहो, चित्र कसलं? ज्युदित्ता आहे ती! माझी शेजारीण!"

"असं होतं बाई," जाडा समजुतीने म्हणाला. "आपली खिडकी दुसरी आली की वाईट वाटतंच."

एर्सिलिया लालबुंद झाली. तिने एकदा थाळीकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे. मग पदर खोचावा तशी शाल खोचली आणि अगदी गोड आवाजात शिडीकडे बघून म्हणाली, "अम्ब्रोजो, जाऊ दे ना आता ते. पण त्या जत्रेतलं तिसरं गाणं तुला आठवतं का रे?"

"तिसरं?" अम्ब्रोजो म्हणाला.

"तिसरं?!" चित्र ओरडलं. "कुठलं तिसरं? दोन होती ना? बोल, मेल्या, कुठलं तिसरं?"

चष्मेवालीने किंकाळी फोडली. अम्ब्रोजो शिडीवरून घसरत खाली आला आणि चुन्याचं डबडं जाड्याच्या टोपीत रिकामं झालं. वर ज्युदित्ता पांढरं नाक घेऊन अर्धी बाहेर लोंबत होती आणि मागून फारिनाताचा काळा धूर येत होता.

टोपी झटकून झाल्यावर जाड्याने निकाल दिला: बक्षीस खिडकीला असतं, खिडकीत बसलेल्या माणसाला नसतं. थाळी एर्सिलियाला गेली. ज्युदित्ताने जळून कोळसा झालेली फारिनाताची परात त्या रिकाम्या खिळ्याला अडकवली आणि दार लावून घेतलं. अम्ब्रोजोने आतून अनेकदा शपथ घेतली की तिसरं गाणं नव्हतंच. शपथ खरी होती, पण तिचा उपयोग झाला नाही.

पण गंमत पुढेच झाली. वाटाड्याला नवा किस्सा मिळाला. "बोलणारं चित्र" बघायला लोक चढून येऊ लागले. ज्युदित्ता खिडकीत येऊन नवऱ्याला ओरडली की ते टाळ्या वाजवायचे, काळ्या परातीचा फोटो काढायचे. आणि अख्खी ज्युदित्ता फोटोत मावावी म्हणून मागे सरकत सरकत एर्सिलियाच्या पायरीवर उभे राहायचे, तिच्या भिंतीकडे पाठ करून. भिंतीवर थाळी होती, हसरी बाई होती, आणि बघणारं फक्त ज्युदित्ताचं ते फितूर मांजर होतं.

एर्सिलियाने ते काही दिवस सोसलं. मग एका सकाळी बोळात हातोड्याचे घाव ऐकू आले. गवंडी समोरची भिंत फोडत होता. आधी जिरेनियम गेली, मग राखाडी मांजर, शेवटी ती हसरी बाई. दोन्ही झडपा उघडून ज्युदित्ताने आपली सवत तुकड्यातुकड्याने खाली पडताना पाहिली. इतकं समाधान तिला एकाही थाळीने दिलं नव्हतं.

ते दुपारपर्यंत टिकलं. धूळ खाली बसली तेव्हा भिंतीत खरीखुरी खिडकी होती, आणि तिच्यात खरी निळी शाल पांघरून, हनुवटीला हात लावून, एर्सिलिया बसली होती.

"अगबाई ज्युदित्ता, इथून तुझं अख्खं स्वयंपाकघर दिसतं की!"

तेवढ्यात खालून हाक आली. "किल्ली टाक गं!"

दोन्ही बाजूंनी दोऱ्या सुटल्या आणि अम्ब्रोजोच्या पुढ्यात दोन टोपल्या येऊन थांबल्या. एकीत किल्ली होती. दुसरीत वाफाळलेली, कडेला खरपूस, कुठेही न जळलेली फारिनाता होती. त्याने मान वर केली. इकडच्या खिडकीत हनुवटीला हात लावून ज्युदित्ता, तिकडच्या खिडकीत हनुवटीला हात लावून एर्सिलिया. दोघींच्या पापण्या लवत नव्हत्या.

कोपऱ्यावरून पाहुण्यांचा घोळका आला. "मंडळी," वाटाड्या म्हणाला, "ह्या गावात कुठल्याही खिडकीवर विश्वास ठेवू नका. आणि हे खाली बघा, हा टोपीवाला म्हातारासुद्धा काय हुबेहूब केलाय!"

अम्ब्रोजोने श्वास रोखून धरला होता. आता हालणं त्यालाही परवडणारं नव्हतं.