धूर दिसेल तिथे शैलाताई

शैलाताईंना परक्या लोकांच्या शेगडीवरचं खायला आवडतं. समुद्रावर एखादं ओमानी कुटुंब चटई टाकून मांस भाजत बसलेलं असावं आणि आपण सरळ त्यांच्यात जाऊन बसावं, एवढीच त्यांची चैनीची कल्पना. बोलावण्याची त्या वाट बघत नाहीत. "बोलावणं लग्नाला लागतं गं, जाळाला नाही," असं म्हणतात आणि चपला काढून चटईवर बसतातसुद्धा.

मस्कतच्या एका खाजगी दवाखान्यात त्या रिसेप्शनवर आहेत आणि मी लॅबमध्ये. शहरातल्याच दार्सैत भागात एकट्या राहतात. आमच्या सहलींत त्यांची जागा पुढच्या सीटवर, कारण धूर आधी त्यांना दिसायला हवा.

रिकाम्या हातानं मात्र त्या कधी जात नाहीत. पर्समध्ये लसणाच्या चटणीचा डबा असतो. मिश्काक, म्हणजे काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेलं मांस, कुणी प्रेमानं पुढे केलं की शैलाताई त्यावर चटणी भुरभुरतात. स्वतःच्याच नाही, यजमानांच्याही. एकदा एका आजोबांना असा ठसका लागला की त्यांची मुलं पाणी घेऊन धावली. शैलाताई त्यांच्या पाठीवर थापट्या मारत मला मराठीत सांगत होत्या, "काही नाही, सवय नाही त्यांना." मी तेव्हा गाडीच्या डिकीत नसलेली वस्तू शोधत होते.

या हिवाळ्यात मी, माझा नवरा संदीप, आमची इरा आणि शैलाताई असे वीकेंडला सूर या गावाकडे निघालो. किनाऱ्यानं जायचं आणि वाटेत फक्त भाजलेलं खायचं, असा बेत. वाटेतल्या कुरियातपर्यंत शैलाताई दोन कुटुंबांत बसून आल्या होत्या. दुसऱ्या कुटुंबानं आमच्यासाठीही माशाचे तुकडे पाठवले. ते खाताना इरा खाली मान घालून म्हणाली, "आई, इट्स सो एम्बॅरसिंग. आपण त्यांना ओळखत पण नाही." मासा सुरेख होता. लाज वाटत असतानाही चव कळते, हे त्यातलं जास्त लाजिरवाणं.

सूरच्या थोडं अलीकडे एका वस्तीत, घरामागून दाट धूर दिसला. मोठमोठी पातेली, बाहेर गाड्यांची रांग, मांडवात पांढऱ्या पायघोळ डिशदाशातले पुरुष.

"लग्न," शैलाताई म्हणाल्या. "संदीप, थांबव."

"ताई, लग्नाला बोलावणं लागतं, इथे नको," मी म्हटलं.

"बायकांची बाजू मागं असते. आले मी."

डबा घेऊन त्या मागच्या दारानं आत गेल्या. आम्ही गाडीत बसून राहिलो. त्या बाहेर येईनात. मांडवातल्या पुरुषांकडे पाहत संदीप हळूच म्हणाला, "वृंदा, कुणीच हसत नाहीये गं." मग मी ओढणी डोक्यावर घेतली आणि गेले.

आतली खोली बायकांनी भरली होती. सगळ्या भिंतीला टेकून, काळ्या अबायांत, गप्प. समोर कॉफी आणि खजूर. मधोमध, एका माझ्याएवढ्या बाईशेजारी शैलाताई बसल्या होत्या. दाराजवळच्या मुलीनं त्या बाईकडे बघत मला हिंदीत सांगितलं, "इनकी बेटी परसों गुज़र गई. आपकी आंटी ने अंदर आकर सबको मबरूक बोला."

मबरूक म्हणजे अभिनंदन.

पायाखालची फरशी दुभंगावी असं वाटलं. मी चपलांसकटच त्यांच्यापर्यंत गेले आणि हात पुढे करून, वाकून पुटपुटले, "ताई, उठा. माफी मागू आणि निघू."

"मागितली," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मला अनोळखी वाटला. "निघवत नाहीये."

त्या बाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिनं स्वतः शैलाताईंच्या हातात कॉफीचा लहान कप दिला आणि अरबीत काहीतरी विचारलं. मुलीनं सांगितलं, "पूछ रही हैं, आपके बच्चे कितने हैं?"

दवाखान्यात हा प्रश्न कुणी विचारला की शैलाताई हसून म्हणायच्या, "मूल ना बाळ, सुटले बाई." आम्हीही हसायचो. मी पुढे होऊन तेच उत्तर देणार होते, म्हणजे विषय संपला असता.

"एक," शैलाताई म्हणाल्या. "थी."

मुलीनं ते अरबीत सांगितलं. खोलीत थोडी हालचाल झाली. कुणीतरी सरकून त्यांच्या पाठीशी उशी लावली. बाईनं नाव विचारलं.

"मृण्मयी."

बाईला ते जमेना. तिनं "मिरन" म्हटलं, मग "मुरनमै". मला वाटलं, शैलाताई सोडून देतील. त्यांनी सोडलं नाही. लहान मुलाला शिकवावं तसं तोडून तोडून सांगत राहिल्या, "मृण्... मयी." शेजारच्या दोघी-तिघी तोंडातल्या तोंडात म्हणून पाहू लागल्या. अखेर त्या बाईनं हळू, नीट म्हटलं, "मृण्मयी."

शैलाताईंनी डोळे मिटले आणि मान हलवली.

मी अजून त्यांच्यापुढे तशीच वाकून उभी होते, त्यांना उठवायला पुढे केलेला हात घेऊन. तो हात कुठे ठेवावा ते कळेना. मग मी पर्स खांद्यावरून काढली, चपला दाराबाहेर ठेवून आले आणि त्या बायकांच्या रांगेत, मिळाली तेवढ्या जागेत, बसले.