माने सरांचा गुदमरलेला समुद्र

आंघोळीच्या बंबातलं कढत पाणी बघून समुद्राची काळजी करणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. सत्तरच्या दशकात तो सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. माने सर! आमच्याच कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. मी इतिहासाचा, तर म्हणायचे, "तुमचा इतिहास म्हंजे कालची शिळी भाकरी हो."

सांगलीहून समुद्र गाठायचा तर अख्खा घाट उतरावा लागतो. सरांचा समुद्र मात्र रोज आमच्या ओसरीवर. माणूस जन्मायच्या कितीतरी आधी पृथ्वी भराभर तापली, समुद्रही तापला. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मुरतो. मग तळाचं पाणी गुदमरलं, जीव मेले. गोष्ट एवढीच, पण सर ती कुणालाही, कुठंही सांगत. माधवनगरला एका लग्नात जिलबी पुढ्यात असताना त्यांनी नवरदेवाच्या मामांना विचारलं, "आवं, समुद्र कशानं गुदमरला, ठावं हाय का?"

मामा रिटायर्ड सुभेदार. म्हणाले, "कुठल्या लढाईत?"

झालं! पंगत उठली तरी सरांनी त्यांना सोडलं नाही.

सर मूळचे साताऱ्याकडच्या शेतकरी घरातले. वर्गात शुद्ध बोलत, रंगात आले की गाव बाहेर पडे. खिशात पाटीसारखा काळा दगड असायचा. तो थेट समोरच्याच्या नाकाखाली धरून म्हणायचे, "हुंगा! मेलेल्या समुद्राचा गाळ हाय ह्यो. किडा सरपटल्याची एक तरी खूण दिसती का बघा."

मला तर रॉकेलचा वास यायचा.

एक गोष्ट त्यांना अजिबात खपायची नाही, ती म्हणजे घाई. "मग समुद्र लगेच बरा झाला का हो?" असं कुणी विचारलं की भडकायचे. "लगेच? लाखभर वर्षं गेली! समुद्र हाय त्यो, पडसं न्हवं!" प्राचार्य एकदा सहज "काही वर्षांनी" म्हणून गेले, तर आठवडाभर त्यांच्याशी अबोला. सरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, सगळं तोंडपाठ. त्या स्वयंपाकघरातूनच ओरडायच्या, "लाखभर, लाखभर! आता जेवायला या."

या वहिनींना जुना दमा. एका उन्हाळ्यात तो असा बळावला की मिरजेला इस्पितळात ठेवावं लागलं. नाकाला नळी, उशाशी प्राणवायूचं नळकांडं. डॉक्टर नुसतं "बघू" म्हणायचे. सरांचा समुद्र एकदम बंद पडला. मी मुद्दाम विषय काढला तरी "हं" म्हणून गप्प. खरं सांगतो, मला भीतीच वाटली.

एका संध्याकाळी डबा घेऊन गेलो. सर स्टुलावर बसून नळकांड्याच्या काट्याकडे टक लावून होते. वहिनी धापा टाकत म्हणाल्या, "आवं... मुकं का झालाय? समुद्राचं सांगा की."

सरांनी सुरुवात केली. समुद्र तापला, गुदमरला... आणि तिथंच अडकले.

"मग बरा कवा झाला?"

"लगेच," सर म्हणाले. "दोन-चार दिसांत."

वहिनींना हसू आलं, हसताना खोकला आला. "आन् लाखभर वर्षं कुटं गेली?"

"जाऊ देत खड्ड्यात!" सर ओरडलेच. डोळे गच्च भरलेले. "मला घर खायला उठतंय गं. तू लवकर बरी हो."