कपाटाखालचा साबण

लोखंडी कपाट सरकवायला ताकद लागते, हा अडाणी लोकांचा गैरसमज आहे. लागतं ते डोकं! आमच्या हिला मी तसं स्पष्टच सांगितलं.

"दोन हमाल बोलवा," ती म्हणाली. "कपाट बेडरूममधून बाहेरच्या खोलीत न्यायचंय, तुमचं डोकं नाही."

"अगं, फरशी खरखरीत, कपाटाचे पाय खरखरीत. दोघं एकमेकांना घट्ट धरून बसलेत. मधे जरा गुळगुळीतपणा आणला की झालं!"

कॉलेजात भौतिकशास्त्रात मला बासष्ट टक्के होते. टाकीतलं होतं नव्हतं ते पाणी काढून मी दोन बादल्या साबणाचं पाणी केलं आणि बेडरूमपासून पॅसेजभर ओतलं. मेहुणा मदतीला होताच.

"एक, दोन, तीन!"

कपाट हललं. हललं कसलं, निघालंच! शाळा सुटल्यासारखं ते पॅसेजमधून धावलं, अर्धी गिरकी घेतली आणि बाथरूमच्या दाराला पाठ लावून उभं राहिलं.

आतून सासऱ्यांचा आवाज आला, "जावईबापू, पाणी गेलं का? मी साबण लावून बसलोय!"

बाथरूमचं दार आतल्या बाजूला उघडलं.

"जावईबापू, हे लोखंडी दार कधी बसवलंत?"

ही किंचाळली, "अहो, बाबांना पाचच्या आत पेन्शनच्या ऑफिसात जायचंय! हयातीच्या दाखल्याची आज शेवटची तारीख! नाही पोचले तर कागदोपत्री वारले म्हणतील ते!"

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी आणि मेहुण्यानं कपाटाला खांदा लावला. कपाट जागेवरच, आम्ही मात्र मागे! मेहुणा तर उभ्याउभ्या स्वयंपाकघरात जाऊन आला.

"दाजी, मी ढकलतोय का जातोय?"

धक्का द्यायचा तर स्वतःच्या पायाखाली पकड लागते, हे पुस्तकात पुढच्या पानावर होतं. ते पान माझ्या बासष्ट टक्क्यांत बसलं नव्हतं. हीही मदतीला आली आणि मग तिघंही एकमेकांच्या कमरेला धरून हळूहळू लांब जाऊ लागलो.

"जिवंत आहात ना, बाबा?" मेहुण्यानं काळजीनं विचारलं.

"ते पाच वाजता ठरेल!" सासरे आतून गरजले. "व्हा बाजूला सगळे!"

म्हातारं माणूस घसरू नये म्हणून बाथरूममध्ये आम्ही मुद्दाम खडबडीत फरशी बसवली होती. पंचाहत्तर वर्षांच्या त्या माणसानं तिच्यावर पाय रोवले, दोन्ही हात लावले आणि कपाट आम्हा तिघांसकट समोरच्या दारातून थेट बाहेरच्या खोलीत! हवं होतं त्याच भिंतीला जाऊन टेकलं.

"हमाल घरातच होता म्हणायचा," ही म्हणाली.

साबणावरच शर्ट चढवून सासरे निघाले. पाचला चार मिनिटं कमी असताना आम्ही खिडकीशी पोचलो. कारकुनानं यंत्र पुढे केलं. सासऱ्यांनी अंगठा ठेवला, यंत्रानं लाल दिवा दाखवला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल!

"आजोबा, अंगठा नुसता गुळगुळीत! रेषाच उमटत नाहीत. यंत्राच्या हिशेबी तुम्ही नाहीच."

"मग इथे भांडतोय कोण?"

"ते यंत्राला कळत नाही. कशावर तरी घासून साबण काढा. दोन मिनिटं आहेत."

सासऱ्यांनी इकडे तिकडे पाहिलं. काउंटर गुळगुळीत, भिंत गुळगुळीत, खुर्ची प्लॅस्टिकची. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कपाटाच्या नादात माझी दोन दिवसांची दाढी राहून गेली होती.

त्यांनी एका हातानं माझी मान धरली आणि दुसऱ्या हाताचा अंगठा माझ्या गालावर खसाखसा घासला. रांगेतली माणसं उठून बघायला आली.

हिरवा दिवा लागला!

"छान," कारकून म्हणाला. "आजोबा जिवंत." आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे तुम्ही रोज बरोबर आणता का?"