बिचाऱ्या डोळेवाल्यांचा वाटाड्या

जऊळक्याच्या रेल्वे फाटकाजवळ उभ्या असलेल्या कोणत्याही डोळस माणसाचे कोपर पकडायचे आणि त्याला रुळांपलीकडे नेऊन सोडायचे, हा संपत इंगोले यांचा नित्यक्रम होता. त्या माणसाला पलीकडे जायचे आहे की नाही, या प्रश्नाला त्यांच्या लेखी महत्त्व नव्हते. "चाला, बिचारे. भिऊ नका, मी हाय ना," एवढे म्हणून ते चालू लागत. आयुष्यभर सुतळीच्या बाजा, म्हणजे खाटा, विणून त्यांच्या बोटांत असे बळ आले होते की सुटण्याचा प्रयत्न करणाऱ्याच्या शर्टाच्या बाह्या उसवत, पण पकड सुटत नसे.

संपतमामांना स्वतःला दिसत नव्हते. सातव्या वर्षी आलेल्या देवींनी त्यांचे दोन्ही डोळे नेले होते आणि त्याला चाळीस वर्षे लोटली होती.

त्यांची माझी ओळख माझ्या कोपरानेच झाली. मी किन्हीराजा गावची. अकोल्याला बी.एस्सी. करून जऊळक्याच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले होते, आणि नागपूरला एम.एस्सी.ला प्रवेश मिळेपर्यंतच इथे राहायचे हे पक्के ठरवले होते. त्याच प्रवेशाच्या चौकशीसाठी अकोल्याची पॅसेंजर गाठायला मी फाटकाशी उभी होते. फलाट माझ्याच बाजूला होता. तेवढ्यात कोपराला पकड बसली आणि मी काही बोलण्याच्या आत पलीकडे पोहोचले. मागोमाग एक मालगाडी येऊन फाटकावरच थांबली. तिच्या पलीकडून माझी पॅसेंजर आली, शिटी देऊन निघूनही गेली. मी जे काही बोलले ते येथे लिहिण्याजोगे नाही. संपतमामांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आता समजलं काय, मले कसं वाटते थे?"

मग त्यांनी कारण सांगितले. अनेक वर्षांपूर्वी ते एका सकाळी फाटकाशी मित्राची वाट पाहत उभे होते. एका पुण्यवान माणसाने हात धरून त्यांना पलीकडे नेले. पलीकडच्या पुण्यवानाने अलीकडे आणले. तिसऱ्याने पुन्हा पलीकडे नेले. "तीन खेपा झाल्या, बाई. आन् मले जायचं कुठंच नव्हतं." त्या दिवसापासून त्यांनी परतफेड सुरू केली होती.

डोळसांचा उल्लेख ते 'बिचारे' या विशेषणाशिवाय करीत नसत. तुम्हाला अजिबातच दिसत नाही का, असे कोणी हळहळून विचारले की ते उलट विचारत, "तुमाले पाठीमागचं दिसते काय? नाई? अरे अरे. मंग कसे जगता बिचारे?" दुकानात गेले की दुकानदाराला ऐकवत, की तुझा मिरच्यांचा माल ओला आहे, वासानेच कळते, पण गिऱ्हाइकांना डोळे असल्यामुळे ते फसतात. माझे नाव त्यांनी 'सायन्सबाई' ठेवले होते. त्यात आदर किती आणि टवाळी किती, याचे प्रमाण मला कधीही निश्चित करता आले नाही.

विहाराच्या ओसरीवर दर रविवारी मी मुलांचे बालमंडळ चालवीत असे. एका रविवारी विषय घेतला अपंगत्वाचा. माझ्यापुढे योजना स्पष्ट होती. मुलांच्या डोळ्यांना पट्टी बांधायची आणि ओसरीपासून अंगणातल्या कडूनिंबापर्यंत चालायला लावायचे. कोणाचा एक पाय दुमडून बांधायचा, कोणाच्या कानांत कापूस घालायचा. प्रत्येकाला लागलेला वेळ आणि घेतलेल्या ठेचा तक्त्यात नोंदवायच्या, आणि शेवटी निष्कर्ष काढायचा. प्रत्यक्ष उदाहरण म्हणून संपतमामांना बोलावून खुर्चीवर बसवले होते. 'उदाहरण' हा शब्द मी त्यांच्यासमोर उच्चारला होता, हे आज लिहितानाही माझे कान तापतात.

कार्यक्रम माझ्या मते उत्तम झाला. एक मुलगा खांबावर आपटला. दोघी एकमेकींना धडकून रडू लागल्या. दहा वर्षांची मंदा सरळ शेजाऱ्यांच्या अंगणाकडे चालत गेली आणि त्यांच्या वाळवणात उभी राहून ओरडली, "मी आंधळी झाली त मरून जाईन, बाई." माझ्या मते हीच ती जाणीव होती, जी मला मुलांत निर्माण करायची होती. मी फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिले: 'निष्कर्ष: अंध व्यक्तींचे जीवन अत्यंत दुःखमय आणि परावलंबी असते.'

संपतमामांनी मंदाला विचारले, बाईने खडूने एवढे काय खरडले? तिने वाचून दाखवले.

ते उठले. काठी खुर्चीलाच टेकवून ठेवली. ओसरीच्या पायऱ्या उतरले, निंबाला हात लावला, परत आले आणि माझ्या हातातल्या घड्याळाकडे बोट केले. ते बोट अचूक घड्याळाकडे होते, कारण घड्याळ टिकटिकत होते.

"किती टाइम लागला, लिवा."

मी लिहिला. तक्त्यातला तो सर्वांत कमी वेळ होता.

"आता सांगा, सायन्सबाई. तुमी पह्यल्या दिवशी सायकलवर बसल्या तवा पडल्या काय?"

मी म्हटले, पडले.

"मंग सायकलचा निष्कर्ष काय लिवला?"

मुले हसली. मी तक्ता पुन्हा पाहिला. माझा प्रयोग अंधत्वाचा नव्हताच. तो अंधत्वाच्या पहिल्या पाच मिनिटांचा होता. नवशिक्यांची मोजमापे घेऊन मी चाळीस वर्षांच्या जाणकारावर निर्णय दिला होता. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने असे केले असते, तर मी त्याची वही परत फेकली असती.

मी फळा पुसला. संपतमामांचा राग मात्र पुसला गेला नाही. पडायचे कसे हे लेकरांना उपजतच येते, त्यासाठी मंडळ कशाला, असे ते म्हणाले. पुढच्या रविवारपर्यंत मी शिकवतो, असेही त्यांनी परस्पर ठरवून टाकले. त्यांचा अभ्यासक्रम एका वाक्याचा होता: पह्यले इचारा, मंग हात लावा. तो आठवडाभर मुलांनी गावाचा छळ मांडला. पाणी शेंदणाऱ्या बायांना, बैल सोडणाऱ्यांना, चष्मा शोधणाऱ्या पोस्टमास्तरांना ती गाठत आणि विचारत, "मदत पायजे काय?" 'नाही' म्हटले की समाधानाने निघून जात. संपतमामा सांगत, 'नाही' हे उत्तर ऐकून न रागावणे हाच खरा धडा आहे, तो मोठ्यांना येत नाही.

मी फळा पुसला होता, पण मुले तोवर निष्कर्ष घरी घेऊन गेली होती. बुधवारी आबासाहेब माझ्या दारी आले. आबासाहेब गावातले सज्जन गृहस्थ होते, आणि त्यांच्या सज्जनपणाच्या तडाख्यातून सुटणे फार कठीण असे. त्यांची नात मंदा रविवारी रडत घरी गेली होती. तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. आपल्या गावात एक अंध जीव असा एकटा खितपत पडावा, याची त्यांना शरम वाटत होती. त्यांनी खटपट करून मोठ्या शहरातल्या एका अंधाश्रमाचा अर्ज आणला होता. संबंधित इसम स्वतःची देखभाल करण्यास असमर्थ आहे, या मजकुराखाली चार प्रतिष्ठितांच्या सह्या होत्या. पाचवी जागा माझ्यासाठी राखली होती. आणि अर्जाला पुरावा म्हणून माझा तक्ता जोडला होता. कोणीतरी तो माझ्या वहीतून इमानेइतबारे उतरवून घेतला होता, संपतमामांची ओळ वगळून.

मला जो संताप आला, त्याचे वर्णन करण्याइतका संयम अजूनही माझ्याकडे नाही. मी म्हटले, हा तक्ता चुकीचा आहे, तो मुलांचा आहे, त्यांचा नाही. आबासाहेब समजुतीने हसले. "बाई, तुमीच त लिवलं. आता मन घट्ट करा." माझी सही नसली तरी चालेल, असेही त्यांनी सांगितले. रविवारी विहारातच हार घालून निरोप द्यायचा आणि सोमवारच्या गाडीने पाठवायचे, असे ठरले होते.

मी तडक संपतमामांच्या झोपडीवर गेले. ते बाज विणत होते. मी सारे सांगितले. आता ते गाव डोक्यावर घेतील, या अपेक्षेने मी थांबले. त्यांचे हात सुतळीवर थांबले, एवढेच.

"तिथं रेल्वेचं फाटक हाय काय?" त्यांनी विचारले.

मला ती थट्टा वाटली. मी म्हटले, नसावे.

"हं," ते म्हणाले, आणि पुन्हा विणू लागले. पण त्यांनी एक फेरा चुकवला, उसवला आणि परत घातला. पुढचे तीन दिवस फाटकाशी कोणाचेही कोपर धरले गेले नाही. माणसे बिनदिक्कत उभी राहत होती आणि थोडी बावचळल्यासारखी इकडेतिकडे पाहत होती.

रविवारी ओसरी भरली. मोठी माणसेही आली होती. मी रात्रभर बसून खंडन तयार केले होते, सात मुद्द्यांचे. ते वाचायची वेळच आली नाही. आबासाहेब झेंडूचा हार घेऊन पुढे झाले, संपतमामा किती सोशिक आहेत यावर थोडे बोलले, स्वतःच गहिवरले, आणि त्यांना उठवण्यासाठी त्यांचा हात धरायला वाकले.

मंदा मध्ये येऊन उभी राहिली. "आजोबा, पह्यले इचारा. मंग हात लावा."

लोक हसले. आबासाहेबही कौतुकाने हसले. "बरं बाप्पा. संपत, हात धरू काय?"

"थे नाई," मंदा म्हणाली. "आश्रमाचं इचारा."

हसणे थांबले. आबासाहेबांनी हार या हातातून त्या हातात घेतला. चार सह्या करणाऱ्या प्रतिष्ठितांनी एकमेकांकडे पाहिले. ज्याला पाठवायचे त्या माणसाला जायचे आहे का, हे आठवडाभरात एकानेही विचारले नव्हते. मी हे रागाने मनात मांडत होते, आणि मांडता मांडता माझ्याच लक्षात आले की मीही विचारले नव्हते. मी त्यांना फक्त कळवले होते. माझ्या सात मुद्द्यांतही तो प्रश्न नव्हता.

शेवटी आबासाहेबांनीच घसा साफ केला. "संपत, तुले जायचं हाय काय?"

"नाई," संपतमामा म्हणाले.

मी पुढच्या तडाख्याची वाट पाहिली. बिचारे डोळेवाले, सायकल, मिरच्या, काहीतरी येईलच. काही आले नाही. त्यांचा चेहरा मात्र असा झाला होता, की मला दुसरीकडे पाहावे लागले.

आबासाहेबांनी अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. "इचारायचंच राहून गेलं ना," ते स्वतःशीच पुटपुटले आणि काय करावे न सुचून हार मंदाच्या गळ्यात घातला.

परतताना मी संपतमामांबरोबर फाटकापर्यंत चालत गेले. मनात जे टोचत होते ते विचारले: लोकांना ओढून नेण्याची परतफेड इतकी वर्षे पुरली कशी? कधीतरी हिशेब फिटायला हवा होता.

"माय गेली त्याले लय सालं झाले," ते म्हणाले. "तवापासून माह्या हाताले हात लागते थो वढायलेच. मंग म्या म्हटलं, आपूनच धरावं. माणूस सुटून जायपावतर दोन शब्द बोलते. कुठचा, कोणाचा, घरी कोण. शिव्या देल्या तरी बोलतेच ना."

मग मला एक गोष्ट आठवली, जी मी कितीदा पाहिली होती आणि कधी नोंदवली नव्हती. ते दुकट्याला कधीच धरत नसत. एकट्या माणसालाच धरत. आणि रूळ ओलांडायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ घेत.

त्यानंतर काही महिन्यांनी मला नागपूरला प्रवेश मिळाला. निघायच्या दिवशी मी पेटी घेऊन फाटकाशी आले तेव्हा गाडीला अजून तासभर अवकाश होता. संपतमामा तिथेच होते. माझी पावले त्यांनी ओळखली असणारच, पण कोपराला हात लागला नाही. ते हातभर अंतरावर थांबले, आणि त्यांच्या तोंडून मी ते वाक्य प्रथमच ऐकले.

"सायन्सबाई, पलीकडं जायचं हाय काय?"

फलाट अलीकडेच होता. पलीकडे माझे काहीही काम नव्हते.

"हो, मामा," मी म्हटले, पेटी खाली ठेवली आणि कोपर पुढे केले.