नाबरकाकांचं चाव्यांचं कपाट

आमच्या नाबरकाकांकडे स्वतःच्याच घराची चावी मागायची झाली, तरी आधी ओळख पटवावी लागे. डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये जवळपास सगळी जोडपी नोकरीवाली. जो आधी परतेल त्याला घर उघडता यावं म्हणून चाव्या काकांकडे टाकून सकाळी पळायचो. दहा घरांच्या चाव्या, एक लोखंडी कपाट आणि त्याची एकच किल्ली. ती कुठे असते ते फक्त काकांना ठाऊक.

काका एका केमिकल कंपनीच्या स्टोअरमधून रिटायर झालेले, काकू कधीच्याच गेलेल्या. चावीवर नाव नाही, खोलीनंबर नाही. "नाव लिहिणं म्हणजे चोराला पत्ता देणं." त्यामुळे आमची चावी 'शेपू', समोरच्या पाटलांची 'सुरण'. शिवाय प्रत्येक घराला एक प्रश्न. मी शाळेत शिक्षिका. वह्यांचे गठ्ठे सांभाळत रोज जिन्यात परीक्षा द्यायचे.

"लग्नात तुमचे मिस्टर कशावरून रुसले होते?"

"घड्याळावरून."

मग चावी मिळे. कुरकुर केली की म्हणत, "बाई, तुमची सोय ती चोराचीही सोय."

मग शेजारच्या बिल्डिंगमध्ये चोरी झाली. काकांनी किल्लीची जागा बदलली आणि संध्याकाळी ती त्यांनाच सापडेना. तांदळाचा डबा झाला, देव्हारा झाला, उशांचे अभ्रे उलटे करून झाले. दहा घरांची माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन जिन्यात ताटकळत उभी. शेवटी स्टेशनजवळचा चावीवाला आणला. त्याने दोन मिनिटांत कपाट उघडलं.

पाटील म्हणाले, "काका, आता आमच्या चाव्या आमच्याकडेच बऱ्या." एकेक जण आपली चावी काढून नेऊ लागला. "हो, हो, न्या ना," काका म्हणत होते. त्यांचं दार वाजायचं ते या चाव्यांपायीच. उद्यापासून कोण येणार होतं? मला वाईट वाटलं, पण मीही चावी घ्यायलाच पुढे झाले.

कपाटाच्या खालच्या खणात एक रजिस्टर उघडं पडलं होतं. 'सुरण: पावणेआठ. वहिनी फार दमल्या.' 'शेपू: सव्वासात. डोळे सुजलेले. विचारायचा धीर झाला नाही.' रोजचं, प्रत्येक घराचं असं लिहिलेलं.

माझी चावी मी कपाटातल्या खिळ्यावरच राहू दिली.

"आई दवाखान्यात होती तेव्हा," त्या ओळीवर बोट ठेवत मी म्हणाले. बिल्डिंगमध्ये कोणालाच सांगितलं नव्हतं.

"बऱ्या आहेत ना आता?"

"गेली, काका. मार्चमध्ये."

खुर्चीवरची वर्तमानपत्रं काकांनी उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "बसा."

इतक्या वर्षांत त्यांच्या घरात मी कधी बसले नव्हते. बसले, आणि आईबद्दल सांगायला लागले.