काकवीचा मौना लोआ

विज्ञान प्रदर्शनात बारा ज्वालामुखी होते आणि त्यांतले अकरा एकसारखे. टोकदार, भुरकट, मोबाईलवरचा एकच व्हिडिओ बघून बापांनी करून दिलेले. बारावा आरोहीनं स्वतः केला होता. तो चपटा होता. चार फूट रुंद, वीतभर उंच, काळाकुळकुळीत. कुठल्याच बाकावर मावेना म्हणून दाराशी फरशीवर ठेवलेला.

"बाई, हा तर उपडा तवा दिसतोय की," हेडसर म्हणाले. "उंची वाढवा जरा. अध्यक्ष येणार आहेत."

"सर, मौना लोआ असाच आहे. जगातला सगळ्यात मोठा जागृत ज्वालामुखी," चेतनाबाई म्हणाल्या. "मोठा म्हणजे टोकदार, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"चित्रात टोक असतंय."

शाळेतून एकच प्रयोग जिल्ह्याला जाणार होता, तोही अध्यक्षांच्या पसंतीनं. संस्थेचे अध्यक्ष भीमाअण्णा दरवर्षी चार मिनिटांत खोली फिरत आणि जे जास्त फसफसेल त्याला नंबर देऊन जात. विज्ञानाशी त्यांचा संबंध तेवढाच. पण बाईंनी आरोहीला शब्द दिला होता, "अण्णांना तुझं पूर्ण ऐकायला लावते."

चपट्या डोंगराच्या पोटात पिशवीत पाच लिटर कोमट काकवी होती, कुंकवानं लाल केलेली. पिशवी हळूच दाबली की काकवी वरच्या भोकातून वाहणार होती.

शिपाई कोंडीबानं आधी डोंगरावर चहाचा ट्रे ठेवला. बाईंनी उचलला. मग हार ठेवले. ते उचलून बाई टेबलाकडं गेल्या, तेवढ्यात अण्णा आले. त्यांनी चपला काढल्या, नारळ हातात घेतला आणि इकडंतिकडं बघितलं. नारळ फोडायचा दगड आणायचं सगळेच विसरले होते.

"दगड कुठंय रे?" हेडसर कुजबुजले.

"ह्यो काय, हितं हाय की," कोंडीबा म्हणाला. "बाई सकाळधरनं जपायल्यात त्याला."

हेडसर तोंड उघडेपर्यंत अण्णांनी नारळ आपटला होता.

स्फोट झाला नाही. नारळ आत गेला आणि चारी बाजूंनी लाल काकवी निवांत बाहेर आली. कुणी पळालं नाही, कारण पळण्यासारखं काही दिसतच नव्हतं. अण्णा विज्ञानाच्या महतीवर बोलू लागले. तिसऱ्या वाक्याला त्यांनी पाय उचलला, तेव्हा फरशीनं तो सोडायला जरा वेळ लावला.

"हे काय हाय?"

"लाव्हा," आरोही म्हणाली.

"पाय धुवायला पाणी आणा."

नळाला पाणी परवा येणार होतं. शाळेची टाकी रिकामी होती आणि टँकर मागणारे बाईंचे तीन अर्ज अण्णांच्याच टेबलावर पडून होते.

कोंडीबा घागर घेऊन लांबच्या वस्तीवर गेला. अण्णांना खुर्ची दिली. असल्या पायांनी ना चपला घालता येत, ना गाडीत बसता येत. शाळेच्या इतिहासात पहिल्यांदाच पाहुणा जागचा हलत नव्हता.

"हं, सांग," चेतनाबाई आरोहीला म्हणाल्या.

आरोहीनं सांगितलं. पातळ काकवी लांब पसरते, थरावर थर बसून असा ढालीसारखा डोंगर होतो. शेजारच्या वाटीतली गार काकवी मात्र घट्ट. तसल्या लाव्ह्यानं डोंगराचं तोंड बुजतं, आत वाफ कोंडते आणि स्फोट होतो. उंच टोकाचा डोंगर तो. तिसरा प्रकार म्हणजे ताटलीतला शेंगदाण्याच्या कुटाचा ढीग, उडालेले तुकडे तोंडाभोवती पडून झालेला.

"आणि ह्यो पसरणारा, ह्यो जातोय कधी?" अण्णांनी स्वतःच्या पायांकडं बघत विचारलं. मुंग्या निघाल्या होत्या.

"आपला जिल्हा असल्याच लाव्ह्यावर बसलाय, अण्णा. साडेसहा कोटी वर्षं झाली. अजून हितंच हाय," आरोही म्हणाली.

घागर यायला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात अण्णांनी दोन प्रश्न विचारले, त्यातला एक बरा होता.

"हीच पोरगी पाठवा जिल्ह्याला," पाय पुसत ते म्हणाले. "पण आज झालं तस्संच दाखवायचं. मला लई समजलं."

हेडसरांनी लगेच फॉर्म पुढं केला. 'लागणारे साहित्य' या रकान्यात चेतनाबाईंनी ठसठशीत अक्षरात लिहिलं: काकवी पाच लिटर, नारळ एक, अध्यक्ष एक. पाण्याची सोय नसावी.