कॉन क्रॉटीचं आजोळ

दगड घडवणाऱ्यानं फोनवर एवढंच विचारलं, "जन्म कुठला कोरू?" आणि तिथूनच फिंटन क्रॉटीची झोप उडायला लागली.

रविवारी किलब्रॅकच्या मैदानावर त्याच्या आजोबांच्या नावाचा दगड उभा राहायचा होता. हर्लिंग या आयरिश काठी-चेंडूच्या खेळाच्या अंतिम सामन्यात शेजारच्या बॅलिनूरवर शेवटच्या क्षणी गोल मारणारा कॉन क्रॉटी म्हणजे किलब्रॅकचा देवच. संघाचा अध्यक्ष फिंटन. जन्म किलब्रॅकचा, यात विचारण्यासारखं काय होतं?

"तरी कागद बघून घे," बायको डिंपना म्हणाली. "दगडावरची चूक खोडता येत नाही."

जनगणनेचा कागद मिळाला. जन्मस्थळाच्या रकान्यात नुसतं 'क्लेअर परगणा'. मग तो गावच्या चर्चमध्ये गेला. फादरनी बाप्तिस्म्याची वही दोनदा चाळली. कॉनच्या सगळ्या भावंडांची नावं होती, कॉनचं नव्हतं.

"थोरला ना?" फादर म्हणाले. "पहिलं बाळंतपण माहेरी करायचे. पोराला लगेच तिथल्याच चर्चमध्ये न्यायचे. तुझ्या पणजीचं माहेर कुठलं?"

फिंटननं वही स्वतःच मिटली. माहेर बॅलिनूरचं.

घरी डिंपना हसत सुटली. "म्हणजे देव शेजाऱ्यांचा."

"हळू बोल. भिंत पातळ आहे. हे बॅलिनूरला कळलं तर रविवारी दगडच पळवतील. वर मला म्हणतील, तुमचा एकुलता एक गोल आमचाच."

दुसऱ्या दिवशी तो टोपी नाकापर्यंत ओढून बॅलिनूरला पोचला. चर्चच्या दारात नुअला टब्रिडी उभी. वह्यांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे आणि बॅलिनूरच्या संघाचं अध्यक्षपदही तिच्याकडेच.

"टोपी काढ, फिंटन. तुझी गाडी पुलावरूनच ओळखली. चहा घेणार?"

"नको. एक नोंद बघायची होती. कुणाची तरी."

नुअलानं वही काढली. पानं चाळलीच नाहीत. वही तिच्या हातात आपोआप उघडली आणि तिनं बोट ठेवलं. लॅटिनमध्ये कॉर्नेलियस क्रॉटी, म्हणजे कॉनच.

फिंटन खुर्चीत बसला. "तुला माहीत होतं?"

"माझ्या आईलाही माहीत होतं."

"मग सांगितलं नाहीस?"

"सांगू कुणाला?" नुअलानं दाराकडे बघून आवाज उतरवला. "त्या माणसाला शिव्या देत आमच्या तीन पिढ्या गेल्या. आता म्हणू, की तो आमचाच होता आणि आम्ही त्याला हातचा घालवला? लोक मला विहिरीत ढकलतील. फिंटन, तुझ्या पाया पडते, तू कुठे बोलू नकोस."

फिंटनच्या छातीवरचा धोंडा उतरला. चहा घेतो म्हणाला. केकही मागितला.

"पण दगडावर काय कोरू?"

"जनगणनेत काय आहे?"

"क्लेअर परगणा."

"मग तेच कोर. दोन्ही गावं त्यातच येतात. खोटं नाही, आणि कुणाच्या बापाचं काही जात नाही."

रविवारी पडदा बाजूला झाला. सगळं किलब्रॅक टाळ्या वाजवत होतं. कुंपणापलीकडे नुअला बॅलिनूरची माणसं घेऊन उभी होती. तिनं दगड वाचला, मान वळवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चोरटा गोल होता."

आजोबांना दिलेली शिवी इतकी गोड फिंटनला आजवर कधी लागली नव्हती.